खांबाजवळची जागा

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
शुक्रवार, २४ नोव्हेंबर २००६

आदरणीय सुलभाबाई,

तुमच्या सुचीचा वाकून नमस्कार.

दिवाळीचं पत्र पोचलं. अक्षर अहिल्याचं, पण बोलणं अगदी तुमचं! "वजन किती वाढवलंस ते खरं खरं कळव" असं दुसरं कोण लिहिणार? तर कळवते: अकरा किलो. घ्या हसून. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मात्र आता पुढे ढकलू नका. अहिल्या शाळेत शिकवून झालं की रोज तुमच्याकडे येते, पेपर आणि आलेली पत्रं वाचून दाखवते, हे कळून बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. त्याबद्दल पुढे लिहिते.

आम्ही मजेत. चारुदत्तची नोकरी चालू आहे, माझी हॉस्पिटलच्या लॅबमधली सुद्धा. काल इथे थँक्सगिव्हिंग होतं. वर्षातून एकदा सगळ्यांनी एकत्र जेवायचं आणि कुणाकुणाचे आभार मानायचे. पहिली काही वर्षं मी नाक मुरडायची, आभार काय कॅलेंडर बघून मानायचे का म्हणून. आता मानते. टर्की मात्र आमच्या घशाखाली उतरत नाही, म्हणून कोंबडीचा तांबडा रस्सा केला होता, आपल्या कराडसारखा.

पण जेवणाआधी सकाळी मॅच असते. शेजारच्या गावाशी, दर वर्षी त्याच दिवशी, हायस्कूलच्या पोरांची. अख्खं गाव थंडीत कुडकुडत बघायला जातं. आणि आमचा निहार त्यात खेळतो, हे तुम्हांला मी आजवर नीट सांगितलंच नाही. तुम्ही म्हणाल, फुटबॉल म्हणजे पायानं. नाही हो! इथल्या फुटबॉलात पाय पळायला. दोन्हीकडून टोकदार चेंडू काखेत मारून एकानं पळायचं आणि बाकीच्यांनी त्याला आडवं पाडायचं. पाडणाऱ्यांत पुढे चार धिप्पाड गडी भिंतीसारखे, आणि त्यांच्या मागे तिघे लाइनबॅकर. या तिघांच्या जागांना कोच लोकांनी माइक, सॅम आणि विल अशी नावं ठेवलीत. मी वर्षभर ती पोरांचीच नावं समजत होते. "त्या माइकला एकदा जेवायला बोलाव रे," म्हणून मागे लागले होते. शेवटी हा ओरडला, "मॉम, आय ॲम माइक!"

माइक म्हणजे मधला. तो बाकीच्यांना ओरडून सूचना देतो, आणि समोरचे सगळ्यात आधी त्याच्याच अंगावर येतात. सॅम उभा राहतो समोरच्यांची गर्दी जिकडे जास्त तिकडे. आणि विल मोकळ्या बाजूला. दोन वर्षं निहार मधला होता. काय तोरा! गेल्या महिन्यात कोच डॉनलींनी त्याला तिथून काढून विल केलं आणि मध्ये एक दणकट पोरगा आणला.

निहारच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणता! माझाच मुलगा. चार दिवस जेवणाच्या टेबलावर गाल फुगवून. मी कोचना भेटायला गेले, भांडायच्याच तयारीनं गेले होते, खोटं कशाला सांगू. ते शांतपणे म्हणाले, "मिसेस साळुंखे, मध्ये अंगावर घेणारा लागतो. तुमचा मुलगा पाठलाग करणारा आहे. मी दोन वर्षं त्याला चुकीच्या जागी उभं केलं, ती माझी चूक."

बाई, पार्किंगमध्ये गाडी सुरूच करता येईना मला. सत्तावीस वर्षांपूर्वी, नगरला, आपल्या खो-खोच्या फायनलच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही जे म्हणाला होतात तेच हा माणूस इंग्रजीत म्हणत होता. "सुची, तुझे हात लांब आहेत. पळून सगळ्याच पोरी टाळ्या घेतात, पकडणारी एखादीच असते." म्हणून तुम्ही मला पळणाऱ्यांच्या पहिल्या तुकडीतून काढलंत आणि खांबाजवळच्या शेवटच्या चौकोनात बसायला सांगितलंत.

मग त्या संध्याकाळी माझा पाय मुरगळला. तुम्हांला आठवत असेल.

आता परवाचं, बुधवारचं सांगते. निहार प्रॅक्टिसहून लंगडत आला. "राइट नी, आई. उद्या खेळता येणार नाही बहुतेक." मी कणीक भिजवत होते. तशाच हातांनी फ्रीझरमधली मटारची पिशवी काढली, टॉवेलात गुंडाळली, सोफ्यावर बसलेल्या पोराच्या गुडघ्यावर ठेवली आणि परत आले. तो टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "थँक्स, आई."

कणकेत हात घातला आणि थांबले. पिशवी मी डाव्या गुडघ्यावर ठेवली होती. घाईत. आणि पोरानं चूक दाखवली नव्हती, वर थँक्स म्हणाला होता.

त्याच क्षणी मला नगरची ती शाळेची खोली दिसली. सतरंज्या, कोपऱ्यात आपल्या वळकट्या, आणि तुम्ही माझ्यासमोर मांडी घालून बसलेल्या, पायाला क्रेप बँडेज गुंडाळताना. मी उजवा सांगितला होता. तुम्ही डाव्याला गुंडाळलंत. आणि मी गप्प बसले. माझ्यासारखी घाई नव्हती तुम्हांला. सकाळी तुम्ही विचारलंत, "अजून दुखतोय?" मी म्हटलं, "हो बाई." तुम्ही माझ्याकडे जरा बघितलंत, "बरं, बस," म्हणालात आणि अहिल्याला हाक मारलीत.

तुम्हांला सगळं कळलं होतं, बाई! सत्तावीस वर्षं मी समजत होते की मी तुम्हांला फसवलं. तुम्ही मला रात्रभर वेळ दिला होतात, खरं बोलायला. मी नाही बोलले.

निहारजवळ जाऊन बसले. पिशवी उचलली आणि त्याला सगळं सांगितलं. चारुदत्तलाही कधी सांगितलं नव्हतं ते सोळा वर्षांच्या पोराला सांगितलं. माझ्या जागी चौदा वर्षांची राखीव पोरगी कशी बसली, एका गड्यासाठी तिनं खांबावर सूर कसा मारला, हात वीतभर कसा कमी पडला, हनुवटी फुटून चार टाके कसे पडले, आणि आपण एका गुणानं कशा हरलो. परतीच्या एसटीत तिच्याशी कुणी बोलेना, तेव्हा तुम्ही उठून सगळ्यांना झापलं होतंत, "संघ हरलाय, अहिल्या नाही!" तरी तिचं नाव पडलंच, 'वीतभर अहिल्या'. दहावी होईपर्यंत सगळ्या म्हणायच्या. मी पण म्हणायची, बाई. मी पण.

निहारनं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "तिला माहितीये?"

"नाही."

"आई, दॅट्स नॉट ओके." मग गुडघे पोटाशी घेऊन म्हणाला, "मी उद्या खेळतो. विल तर विल. पण तू लेटर लिही. डील?"

काल तो खेळला. पहिल्यांदा दोनतीनदा गोंधळला, चेंडू एकीकडे आणि हा भलतीकडे. मग एकदा त्यांचा सगळ्यात वेगवान गडी पलीकडच्या बाजूनं सुटला. आपले सगळे मध्येच अडकलेले. आणि मोकळ्या बाजूनं आमचा निहार निघाला. अख्खं मैदान तिरकं कापत गेला आणि मागून सूर मारून त्याचे घोटे धरले. तोच खांबावरचा सूर हो, खांब नव्हता एवढंच! मी थर्मास टाकून मराठीत ओरडत होते. हरलो आम्ही, तीन गुणांनी. पण पोरगा दोन ताटं रस्सा जेवला आणि म्हणाला, "आय लाइक इट देअर." मग माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. म्हणजे आता तुझी पाळी.

म्हणून हे पत्र. आभार मानायचे होते, ते आधी मानते. तुम्ही मला चारचौघींत उघडं पाडलं नाहीत. पुढच्या वर्षी अहिल्याला कॅप्टन केलंत, आणि मला एक शब्द न बोलता परत त्याच खांबाजवळ बसवलंत. मी बसले. पुढे विद्यापीठाच्या संघात गेले ती तिथूनच. माझी जागा माझ्याआधी तुम्हांला दिसली, आणि मी ती लाथाडल्यावरही तुम्ही ती माझ्यासाठी राखून ठेवलीत. एवढं माझ्यासाठी घरच्यांशिवाय कुणी केलं नाही.

चारुदत्त म्हणाला, फोन कर की. पण फोन तुम्ही उचलला असतात, मी तुम्हांला एकटीला सांगून रडले असते, तुम्ही "जाऊ दे गं" म्हणाला असतात, आणि मी सुटले असते. पत्र तुम्हांला वाचून दाखवावं लागतं. ते कोण वाचतं हे मला माहीत आहे.

अहिल्या, थांबू नकोस. बाईंना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाच. माझा पाय मुरगळला नव्हता. अगदी ठणठणीत होता. मला टाळ्यांची जागा हवी होती, ती मिळाली नाही म्हणून मी रुसून बसले आणि पायाचं नाटक केलं. तो सूर माझा होता. माझे हात तिथे पोचले असते. तुझे कमी पडले नव्हते, तुला तिथे बसवायलाच नको होतं, आणि ते माझ्यामुळे झालं. तुझ्या हनुवटीवरची खूण मला दर भेटीत दिसली आणि दर भेटीत मी दुसरीकडे बघितलं. माफ कर म्हणायला सत्तावीस वर्षं उशीर झालाय, तरी म्हणते. रागावलीस तर बाईंसमोरच रागाव, त्यांनाही ऐकू दे. जानेवारीत मी कराडला येते आहे. आधी तुझ्या घरी येईन, मग बाईंकडे.

तुमची, आणि अहिल्या, तू म्हणशील तर तुझीही,

सुची