सत्तर वर्षांपूर्वीचा ड्रेस आणि एक क्षेपक चिठ्ठी

ती. ताईच्या चरणी,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी दोन्ही गुडघे सध्या कामातून गेले आहेत, तेव्हा नमस्कार षडंगच आहे. गुडघ्यांचं कारण पुढे येईल.) तुझा खांदा आता कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला व्यायाम तू करतेस, की तो कागद फ्रिजला चिकटवून त्याच्याकडे रोज पाहतेस? इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझी भावजय पुन्हा नीट श्वास घेऊ लागली आहे. तेही पुढे येईल.

आधीच सांगून टाकतो, या पत्रात तुझ्याकडे कसलीही मागणी नाही. हे निव्वळ वृत्तनिवेदन आहे आणि तेही विजयाचं. फोनच केला असता. पण माझ्या तोंडून 'शिलाई मशीन' हा शब्द निघाला की तुला गॅसवर ठेवलेलं दूध आठवतं. गेल्या दोन वर्षांत तुझ्याकडे जेवढं दूध तापलं, तेवढं एखाद्या डेअरीतही तापलं नसेल. पत्राचं बरं असतं. वाचणारा उठून दूध बघून आला तरी पत्र टेबलावर वाट बघत बसतं.

तर मुद्दा असा. येत्या शनिवारी तुझी भावजय तीस वर्षांच्या नोकरीनंतर ग्रंथालयातून निवृत्त होते आहे, हे तुला ठाऊकच आहे. तीन महिन्यांपूर्वी ग्रंथालयातली जुनी मासिकं आवरताना तिला एका पानावर ड्रेसचं चित्र दिसलं. कॉलर, कमरेपर्यंत बटणं, कमरेला घट्ट आणि खाली छत्रीसारखा घेर. तिच्या तरुणपणाच्याही आधीची फॅशन. रात्री जेवताना ती सहज म्हणाली, "असा एक ड्रेस शिवून घ्यायचा राहूनच गेला." त्या दिवशी तिच्या दोन सहकारी आमच्याकडे जेवायला होत्या. मी भाजीचा डाव हातात धरून, अत्यंत शांतपणे म्हणालो, "मी शिवतो." तिघी इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. (मला हसण्याचं काही वाटत नाही. तीस वर्षं पौगंडावस्थेतल्या पोरांना संस्कृत शिकवल्यावर माणूस हास्याच्या पलीकडे जातो.) पण दुसऱ्या दिवशी ही बातमी ग्रंथालयभर झाली, आणि आता निरोपसमारंभाच्या छापील कार्यक्रमात, अध्यक्षांच्या भाषणाच्या खाली, एक ओळ आहे: 'सत्कारमूर्तींचा पतिहस्ते शिवलेला ड्रेस.' म्हणजे शनिवारी ती नेहमीच्या कपड्यांत गेली, तर बावीस माणसं तिला एकच प्रश्न बावीस वेळा विचारणार. तीस वर्षं चोख काम केलेल्या बाईचा शेवटचा दिवस माझ्या बढाईची उत्तरं देण्यात जाणार. मला तिच्या चेहऱ्यावर ते बघायचं नाही. म्हणून घाबरण्याचा प्रश्नच नव्हता. शिवणं एवढंच शिल्लक होतं.

पॅटर्न मी टपालानं मागवला. जुन्या कागदी पॅटर्नची हुबेहूब नवी छपाई करून विकणारे लोक असतात, हे मला या निमित्तानं कळलं. पाकिटावर लिहिलं होतं, 'दिवसा घालायचा ड्रेस.' (दिवे लागल्यावर तो अंगावर असला तर काय होतं, याबद्दल ग्रंथकार मौन पाळतो.) आत पातळ कागदाचे तेरा तुकडे निघाले आणि त्यांच्यावर एक अक्षर नाही, फक्त छिद्रं. लहान छिद्र म्हणजे एक अर्थ, मोठं छिद्र म्हणजे दुसरा, तीन छिद्रं एका रांगेत म्हणजे तिसरा. सोबतच्या सूचना इतक्या थोडक्यात लिहिलेल्या की मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. ताई, हा माझा प्रांत! ही सूत्रं आहेत. 'बाही बसवा.' एवढंच. कशी, कुठे, कुणाच्या मदतीनं, काही नाही. मी वही घेऊन प्रत्येक सूत्रावर टीका लिहायला बसलो आणि दोन संध्याकाळींत चोवीस पानं लिहून काढली. भावजय म्हणाली, "अहो, कापडाला कात्री कधी लागणार?" मी म्हटलं, ग्रंथाचा अर्थ लागल्याशिवाय मी कापडाला स्पर्श करत नाही.

आता त्या चिठ्ठीविषयी. पाकिटात एक छोटी पिवळी चिठ्ठीही होती. तिच्यावर छापलं होतं: 'कागदात शिलाईचं मार्जिन धरलेलं नाही. कापताना सर्व बाजूंनी दीड सेंटिमीटर जास्त सोडा.' सामान्य माणसानं हे वाचलं असतं आणि दीड सेंटिमीटर सोडलं असतं. मी परीक्षण केलं. चिठ्ठीचा कागद मूळ कागदाहून वेगळा, शाई वेगळी, भाषाशैली अर्वाचीन. मूळ सूचनांत तिचा कुठेही उल्लेख नाही. आणि मूळ ग्रंथकार 'बाही बसवा' याहून जास्त शब्द कधी खर्च करत नाही, तो एकाएकी इतका बोलका कसा होईल? निष्कर्ष उघड होता. चिठ्ठी क्षेपक आहे. मागाहून कुणीतरी घुसडलेली. मी ती वहीत खूण म्हणून ठेवली आणि शुद्ध मूळ पाठानुसार, कागदाच्या काठाला अगदी लागून, कापड कापलं.

कापण्याचं काम जमिनीवर झालं, कारण आमच्या टेबलावर ते कापड मावेना. गुडघ्यांचं बलिदान ते हेच. कापड बारीक फुलांचं घेतलं आहे, निळ्यावर पांढरी फुलं, आणि पाकिटावर लिहिलं होतं तेवढंच, ना बोटभर जास्त ना बोटभर कमी. मशीनबरोबर आलेली तुझी मोठी कात्री कुठे सापडली नाही, म्हणून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उघडायची माझी कात्री वापरली. त्यामुळे काठ जरा लाटांसारखे आले आहेत. कापड निळं असल्यानं ते शोभतं.

मशीन मात्र तुझंच. तू शिवणाचं दुकान बंद करून ते माझ्याकडे आणून टाकलंस, "हे माझ्या डोळ्यांसमोर नको" म्हणालीस, तेव्हापासून मी त्याला दर महिन्याला तेल घालतो आहे. ते मला ओळखतं असा माझा समज होता. पहिल्याच दिवशी त्यानं बॉबिनचा दोरा खाली असा गुंतवला की खालून पाहिलं तर कुणी घरटं बांधायला घेतलंय असं वाटावं. मी खचलो नाही. दोन्ही बाह्या कापून झाल्यावर लक्षात आलं की दोन्ही डाव्या आहेत. (कागद उलटा करून दुसरी कापायची असते. सूत्रात हे नाही. आणि कापडाला उलट-सुलट बाजू असल्यानं आता बाही फिरवूनही उपयोग नाही.) तरीही मी खचलो नाही, कारण माणसाच्या उजव्या हाताला डाव्या बाहीची सवय होऊ शकते, असं मला तेव्हा वाटत होतं. काल, म्हणजे सोमवारी संध्याकाळी, ड्रेस तयार झाला. बटणं लागली, बाजूची चेन लागली, घेर दुमडला. मी तो खुर्चीच्या पाठीला घालून पाहिला. ताई, तुला सांगतो, त्या खुर्चीला तो इतका चपखल बसला की क्षणभर वाटलं, निवृत्त तिलाच करावं.

मग भावजयीनं घातला. घातला म्हणजे डोक्यातून आत गेली. बाहेर यायचं काम अर्धवट राहिलं. हात वर, तोंड कॉलरच्या आत आणि चेन बरगड्यांपाशी अडकलेली. कुठल्याच दिशेला जाईना. मी धीरानं म्हटलं, "थांब, मी वहीत बघतो." आतून आवाज आला, "वहीला आग लावा आणि कुणालातरी बोलवा!" मी वरच्या मजल्यावरच्या घड्याळजींना बोलावून आणलं. नेटका माणूस. डोळ्याला भिंग लावून, चिमटा घेऊन त्यांनी ती चेन पाच मिनिटं तपासली, जणू एखादं वडिलोपार्जित घड्याळ दुरुस्तीला आलंय.

"वहिनी, जरा श्वास सोडून धरा."

"तो मगाशीच सोडलाय. परत कधी घ्यायचा तेवढं सांगा."

चेन सुटली. घड्याळजींनी ड्रेस हातात घेऊन उलटा केला, शिलाया मोजल्या आणि मला विचारलं, "सर, उभ्या शिलाया सहा. दर शिलाईत तीन सेंटिमीटर आत गेलं. हे धरलं होतंत ना?" मी गुणाकार केला. अठरा सेंटिमीटर. तुझ्या भावजयीच्या कमरेतून अठरा सेंटिमीटर मी एका पिवळ्या चिठ्ठीच्या पाठचिकित्सेत घालवले होते. तिनं चिठ्ठी वहीतून काढून वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि घड्याळजींसाठी चहा ठेवायला गेली.

असो. एकंदरीत काम उत्तम चाललं आहे. ड्रेस तयार आहे, आत्मविश्वास शाबूत आहे, आणि शनिवारला अजून चार दिवस आहेत. तू काळजी करू नकोस, खांद्याचा व्यायाम कर.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. वर 'ड्रेस तयार आहे' असं लिहिलं, त्यात जरा घाई झाली. मी तो आज सकाळी उसवला. आता तो सुट्या तुकड्यांत तयार आहे, पैकी दोन डाव्या बाह्या.

पुन्हा ता. क. उसवताना तुझी आठवण आली. दोन वर्षांपूर्वी त्या नवरीच्या ड्रेसचा पाठीचा भाग तू मखमलीवर उलटा कापलास. लव खाली झुकायची ती वर झुकली, पाठ पुढच्या भागाहून काळपट दिसायला लागली, आणि तिनं ऐन वेळी दुसऱ्या दुकानातून ड्रेस आणला. त्या संध्याकाळी तू शटर ओढलंस ते ओढलंस. आता तर स्वतःचं तुटलेलं बटणही तू शेजारणीकडून लावून घेतेस, असं ऐकतो. ताई, चाळीस वर्षांत एक चूक. मी चार दिवसांत नऊ केल्या आहेत (यादी वहीत आहे, टीकेसह), आणि आज मला कुणी धंदा विचारला तर मी बिनदिक्कत शिंपी म्हणून सांगेन. तू मात्र स्वतःला शिंपीण म्हणवून घ्यायला तयार नाहीस. हा कुठला न्याय?

आणखी एक ता. क. गुरुवारी सकाळी साडेसातची बस तुझ्या कोपऱ्यावरून निघते आणि दहाला इथे पोचते. मी थांब्यावर उभा असेन. (पत्र आजच कुरियरनं धाडतो, उद्या तुझ्या हातात पडेल.) पत्राच्या सुरुवातीचं 'कसलीही मागणी नाही' हे वाक्य क्षेपक समजावं.

(हे खालचं मी लिहिते आहे, तुमची भावजय. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं, हीसुद्धा यांची चूकच. दहावी.)

ताई, नमस्कार. यांनी हे सगळं तुम्हाला बोलवण्यासाठी मुद्दाम बिघडवलं असं कृपा करून समजू नका. एवढी युक्ती यांच्यात नाही; मनापासून मेहनत करून बिघडवलं आहे. पण 'ना बोटभर जास्त ना बोटभर कमी' हे खोटं आहे. तसलंच कापड, तेवढंच, पहिल्याच दिवशी आणून यांनी कपाटात वरच्या खणात ठेवलंय. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, "पहिलं माझ्यासाठी, दुसरं ताईसाठी." तुमची मोठी कात्रीही हरवलेली नाही. महिन्यापूर्वी तिला धार लावून आणली आणि मऊ कापडात गुंडाळून स्वतःच्या खणात ठेवली. मी काल कोथिंबीर कापायला मागितली तर माझ्यावर ओरडले, आणि हा माणूस तीस वर्षांत माझ्यावर ओरडलेला नाही.

मी जुना करडा ड्रेस इस्त्री करून ठेवला आहे, पण तो घालून त्या बावीस जणांसमोर जायची माझी इच्छा नाही. माझी मापं पुन्हा घ्यावी लागतील. यांनी घेतलेल्या मापांत माझी उंची माझ्या घेरापेक्षा कमी आहे. गुरुवारी या. आणि निघताना तेवढं दूध गॅसवरून उतरवून या.