पेजेतलं तूप

बाबा, तुमच्याशी बोलायला घेतलं की मला ओकारीच आठवते, याची मला लाज वाटते. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. आई तुमच्या पेजेत तूप घालायची, त्या तुपाबद्दल मी तिला एक गोष्ट सांगितली आहे. ती अर्धीच सांगितली. उरलेली अर्धी अजून घशाशीच आहे.

माझं पोट पहिल्यापासून भित्रं. राजूरच्या शाळेत प्रार्थनेच्या आधी मी रोज ओकायचे, म्हणून पहिली दोन वर्षं तुम्ही मला घरीच शिकवलंत. खाणीवर हजेरी घेऊन पहिल्या पाळीहून यायचात आणि नखांत कोळसा तसाच ठेवून ओट्यापाशी माझी पाटी पुढे ओढायचात. एका रविवारी तुम्ही बकऱ्याची वजडी आणली होती. मागच्या अंगणात दगडावर पोटाची ती पिशवी उलटी केली आणि आतून हिरवा, कोमट लगदा बाहेर आला. त्यात न चावलेली पानं दिसत होती. आतलं कातडं जुन्या पंच्यासारखं खरखरीत होतं. तुम्ही त्याला चुना चोळत होता आणि मला म्हणत होता, बोट लावून पाहा. मी तोंड फिरवलं.

"काहून तोंड फिरवतं वं? तुह्याबी पोटात हेच हाये."

"घाण हाये, बाबा."

"घाण नाही म्हणायचं. हे समजदार हाये. जेवढं झेपते तेवढंच पुढं जाऊ देते."

मी तिथेच दगडाशेजारी ओकले. तुम्ही हसला नाहीत, रागावलात. अन्नाची किळस करणारी पोरगी मले नको, म्हणालात. ती वजडी त्या दिवशी मी खाल्ली, दोन घास, डोळे मिटून. तो वास अजूनही माझ्या नाकात आहे.

आता मी बाभुळगावच्या कॉलेजात हेच शिकवते. अन्न दिसलं, वास आला की मेंदू पोटाला आधीच कळवतो, रस सुटू लागतो. पोट भरलं, ताणलं की आणखी जोरात घुसळतं. मग थोडं थोडं करून पुढच्या आतड्यात ढकलतं. तिथे स्निग्ध काही पोचलं की आतडं रक्तातून उलटा निरोप पाठवतं, जरा थांब, आधी एवढं पचू दे. पोटाचं घुसळणं मंदावतं, खालचं तोंड आवळतं. परवा मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, आतड्याले कसं समजते का तूपच आलं म्हणून? त्याले काय डोये हायेत का?" वर्ग हसला. मीही हसले. मग फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण तोंडात आंबट पाणी आलं होतं.

तुम्हाला लकवा झाला तेव्हा मी बारावीला होते. गिळता येत नव्हतं, म्हणून नाकातून नळी घातली आणि घरी पाठवलं. सिस्टरनं आईला नाही, मला शिकवलं. दर वेळी पेज देण्याआधी नळीला सिरिंज लावून ओढून पाहायचं. अर्ध्या कपापेक्षा जास्त निघालं तर आधीचं खाली उतरलेलं नाही, तेव्हा पेज द्यायची नाही. किती निघालं ते वहीत लिहायचं. मी रेघा मारून वही आखली. माझ्यासारखी वही कोणाची नसेल.

पण जे निघायचं ते, बाबा. पिवळट, फुटलेल्या दुधासारखं, कालच्या भाताचे तंतू तरंगणारं, आणि वर तुपाचे डोळे. आई गुपचूप चमचाभर तूप विरघळवून घालायची. "नुसत्या पाण्यानं मानसाच्या अंगात ताकत कुठून येईन?" म्हणायची. आपल्याकडे आजाऱ्याला कोरडं जेवू घालत नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे. मला त्या वासानं उमासे यायचे. ते बाहेर आलेलं तुमच्या आतलं होतं. मी तुमचे पाय चेपू शकत होते, चादर बदलू शकत होते, तेवढं एक करू शकत नव्हते. पाचव्या दिवशी दुपारी मी सिरिंज लावली, दट्ट्याला हात घातला आणि ओढलंच नाही. वहीत शून्य लिहिलं आणि पेज सोडली. संध्याकाळीही तसंच केलं. अक्षर सुबक आहे, मी तपासलं आहे.

दुसऱ्या सकाळी तुमच्या छातीत घरघर होती. यवतमाळला नेलं. पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं, असं डॉक्टर म्हणाले. पेजेत काय घालत होतात, विचारलं. आई म्हणाली, तूप. ते म्हणाले, तुपानं पोट उशिरा रिकामं होतं, बाई. मग माझ्याकडे वळून, "ओढून बघत होतीस ना?" मी वही पुढे केली. त्यांनी पाहिली आणि मान हलवली. तीन दिवसांनी तुम्ही गेलात.

तेव्हापासून आई तूप खात नाही. माझ्या पोळीला लावते, स्वतःची कोरडी ठेवते. मागच्या महिन्यात तिनं जेवता जेवता विचारलं, "तू तं हेच शिकवतं ना पोरायले. सांग मले, तुपानं खरंच पोट थांबते का?" मी पाठ घ्यावा तसं सगळं नीट सांगितलं. एक शब्द चुकीचा नव्हता. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मीच मारलं तुह्या बाबाले." मी म्हटलं, असं बोलू नको, भाजी वाढ. पोट अडलं होतं ते कळायला एक उपाय होता आणि तो माझ्या हातात होता, हे मी तिला सांगितलं नाही.

मी मुलांच्या पेपरात अर्धा गुण कापताना तीनदा विचार करते. दाराची कडी दोनदा पाहते. आणि ही एक गोष्ट रोज तिच्या ताटासमोर बसून गिळते.

हा कागद तिला दाखवायची हिंमत झालेली नाही, आणि तुम्हाला पाठवण्यासारखा पत्ता नाही. तो वह्यांच्या खणात जाईल. तिला सांगेन, असं मी दर रविवारी ठरवते. पण बाबा, आई जेव्हा म्हणते, माह्या तुपानं झालं, तेव्हा मला क्षणभर बरं वाटतं. तेवढ्यापुरती भूकही लागते.