पन्नास मीटर, गोल्ड नक्की

२ नोव्हेंबर, सकाळी
ठरलं. ज्येष्ठांच्या राष्ट्रीय जलतरण स्पर्धेत मी उतरणार. स्पर्धा महिनाअखेर, या वेळी इथेच, नवी मुंबईत. हे दर वर्षी जायचे आणि पदक आणायचे. हॉलच्या भिंतीवर पदकांची रांग आहे. मार्चमध्ये हे गेले, पण त्याआधीच या वर्षीचा खिळा ठोकून ठेवला होता. तो रिकामा बरा दिसत नाही. एवढंच कारण. दुसरं काही नाही.

३ नोव्हेंबर
सून रंजिता म्हणाली, आई, तुम्ही शेवटचं कधी पोहलात? म्हटलं, सारसोळ्याच्या खाडीत वाढलेल्या बाईला असं विचारत नाहीत. लग्नाआधी पोहले होते. ते तिला सांगितलं नाही.
शेजारची चांगुणाबाई म्हणाली, सगुने, या वयात चड्डी घालून पवनार का गो? म्हटलं, फुल बाह्यांचा, पायघोळ ड्रेस मिळतो. म्हणाली, मंग मला पन एक आन, थंडीत वापरीन.

५ नोव्हेंबर
स्पर्धा होणार त्याच तलावावर पहिला दिवस. उतरायच्या आधी नारळ सोडला, खाडीला देतो तसा. कोच नंदकिशोरने जाळीने काढला. म्हणाला, काकी, इथे क्लोरीन टाकतात, नारळ नाही. त्यात बॅचची वेळ संपली. पोहणं उद्या.

६ नोव्हेंबर
गेले नाही. सकाळी ओहोटी होती. तलावाला ओहोटी नसते हे मला माहीत आहे. पण अंगाला सवय असते.

९ नोव्हेंबर
वाचनालयातून पोहण्यावरचं पुस्तक आणलं. वाचायला मी मुलाच्या शाळेच्या पुस्तकांवरून आपली आपण शिकले. पोहणं त्याहून अवघड नसणार. दुपारपर्यंत अर्धं वाचून झालं. म्हणजे अर्धी तयारी झाली.

१४ नोव्हेंबर
अलीकडच्या टोकाला पाणी छातीपर्यंत आहे. पाय टेकले की मी चालते. नंदकिशोर म्हणाला, काकी, चालायचं नाही, बाद करतील. म्हटलं, जमीन लागल्यावर कोण पोहतं? खाडीत पाय लागले की मासळीची टोपली डोक्यावर घेऊन सरळ घरी. म्हणाला, टोपली कुठाय? मुलगा चांगला आहे. खाडी पाहिलेली नाही.

१९ नोव्हेंबर
माझ्या वयोगटात पन्नास मीटरला मी एकटीच आहे. पार केलं की गोल्ड. सराव थांबवला. उगीच दमायला नको. चांगुणाबाई म्हणाली, येकलीच हाय तर घरी बसून पन जिकशील. तेही खरं आहे.

२६ नोव्हेंबर
यांच्या पिशवीतून पोहण्याची टोपी काढली. आत एक पांढरा केस चिकटलेला होता. राहू दिला. झोप चांगली लागते. रडू आलेलं नाही, मार्चपासून एकदाही नाही. रंजिता म्हणते, आई, हे बरं नाही. तिला टेन्शन घ्यायची सवय आहे.

३० नोव्हेंबर, संध्याकाळी
उडी न मारता पाण्यात उतरले. ते चालतं. पलीकडून अलीकडे आले. पाणी गार होतं. पाय लागले. चालले. भिंत धरली आणि थांबून राहिले. नंदकिशोर वरून म्हणाला, काकी, झालं, बाहेर या. कोणाची वाट बघताय?
इथे टॉवेल येतो. यांचा हात भिंतीला लागला की वरून टॉवेल यायचा. तो घेऊन मीच उभी असायचे. आज टॉवेल घरीच राहिला. तो कोणी आणायचा, हे ठरलं नव्हतं.
माइकवर सांगितलं, स्पर्धक बाद, या गटात विजेती नाही.
घरी पोचले तशी चांगुणाबाई विचारायला आली, पदक कुठं गो? मी रिकाम्या खिळ्याकडे बघितलं. ती म्हणाली, बस, चा मी टाकते.
टोपी ओली होती, म्हणून त्या खिळ्यावर वाळत घातली. पाणी भिंतीवरून खाली ओघळतंय. पुसायला टॉवेल आणला पाहिजे. उठवत नाही.