मला आजार होता

३ जून, सोमवार
आमच्या रुग्णांच्या आधारगटाने मला वक्ता नेमलं. नववीच्या मुलांपुढे ‘आजारासोबत जगताना’, वीस मिनिटं. गट चालवणारी ताई नर्स आहे. फक्त खरं बोल, म्हणाली. म्हणजे माझ्यावर केवढा विश्वास!

५ जून, सकाळी ६.१०
भाषण तयार. अडतीस पानं. ताईने पहिल्याच ओळीवर पेन चालवलं. ‘मला बायपोलर आजार होता’ यातला ‘होता’ खोडून ‘आहे’ लिहिलं. एका शब्दासाठी एवढा आटापिटा! ‘आहे’ म्हटलं की लोक कीव करतात, ‘होता’ म्हटलं की टाळ्या पडतात. मान डोलावली. बोलणार ‘होता’च.

७ जून
‘होता’ खोटं ठरू नये म्हणून गोळ्या बंद. डॉक्टरांना कळवलं नाही, उगाच त्यांचा हिरमोड कशाला.

१२ जून
प्रकृती झकास. दोन तास झोप पुरते. चष्म्याच्या दुकानात, कामावर असताना, एका बाईंच्या चष्म्याला काच बसवता बसवता त्यांना पाऊण तास भाषण ऐकवलं. बाई चष्मा न घेताच गेल्या. मालक म्हणाले, चार दिवस घरी बस. बरं झालं, सरावासाठी रजा मिळाली. आई दर जेवणाला विचारते, गोळी घेतलीस का? आज खेकसलो. रडली. हल्ली फार हळवी झाली आहे, तिलाच कुणाला तरी दाखवायला हवं.

१४ जून
जिंकलो! वीस मिनिटांची पन्नास झाली. ताई मागे उभी राहून हातवारे करत होती, भारावली असावी. एका मुलीने विचारलं, दादा, तू गोळ्या घेतोस? छाती फुगवून सांगितलं, सोडल्या. इच्छाशक्ती! ताईने माइक हिसकावून घेतला आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या सोडायच्या नाहीत, असं चारदा बजावलं. जळते, दुसरं काय.
ती मुलगी फाटकापाशी थांबली होती. तीही वर्षभरापासून गोळ्या घेते. तुझ्यासारखं व्हायचंय म्हणाली. जन्माचं सार्थक झालं.

२२ जून
अंथरुणातून उठवत नाही. हे ते नव्हे, भाषणाचा शीण आहे. मालकांनी दुसरा माणूस ठेवला. आंघोळ राहिली. कालचीही.

२६ जून, दुपारी
ताईचा फोन. त्या मुलीने भाषणाच्याच दिवशी गोळ्या सोडल्या. तीन दिवस झाले, हॉस्पिटलमध्ये आहे. गोळी तोंडात धरते आणि थुंकते. आईबापांचं ऐकत नाही, डॉक्टरांचंही नाही. तिला फक्त तुझंच पटतं, आता तूच निस्तर, असं म्हणून ताईने तिचा नंबर दिला.
मला राग यायला हवा होता. लाज वाटली. फोन लावला. म्हटलं, मी तुमच्यापुढे मिरवत होतो, ते खरं नव्हतं. गोळ्या घे, बाळा.
तिने विचारलं, तू घेतोस का?
म्हणालो, उद्यापासून.
मग मीपण उद्यापासून, म्हणाली आणि फोन ठेवला.