कड्यातला कीस

मंगळवार, १५ सप्टेंबर

ताई,

तुला वाकून नमस्कार. गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं तसं आधी खुशाली लिहितो. भावोजींचा गुडघा आता त्यांना जिना चढू देत असेल. आम्ही इकडे ठीक आहोत. सहा वर्षांनी लिहितोय, म्हणजे नुसतं 'ठीक' पुरणार नाही, हे मला कळतं.

वर्कशॉपमधलं काम चालू आहे. हल्ली लेथवर कडी कातत असतो. कॉलेजातल्या कीटकांच्या सरांकडे एक जुनी, सुरेख लेन्स आहे, पण ती त्यांच्या नव्या कॅमेऱ्यावर बसत नाही. दोघांच्या खाचा वेगळ्या. मग मी मधे ॲल्युमिनियमचं कडं करून देतो. एका तोंडाला लेन्स, दुसऱ्याला कॅमेरा. कडं नळीसारखं लांब केलं की मुंगीचं डोकं लिंबाएवढं दिसतं. देवाने कुठल्या कोपऱ्यात कसली कारागिरी करून ठेवली आहे, ते बघताना मी जेवायचं विसरतो.

"न जमणाऱ्यांचं जमवण्यात तुमचा हात धरणारा कुणी नाही," सर म्हणाले. "घरातही असंच कडं कातत जा."

मी हसलो. मनात तूच आलीस.

नवं कडं तपासायला म्हणून घरी आणलं. माझी भिंगरी (तू ठेवलेलं नाव अजून तिला चिकटून आहे, अकराची झाली) खिडकीशी बसली. लाकडी ठोकळ्यावर हनुवटी टेकवून, डोळा लेन्ससमोर.

"बाबा, शिंक आली तर?"

"तर ती पण मोठी दिसेल."

"मुंग्यांच्या मिशा मोजून झाल्या वाटतं," तिची आई आतून म्हणाली. "आता पोरीच्या पापण्या!"

फोटो फार छान आला. बुबुळाचे तंतू वेगवेगळे मोजावेत असे. खालच्या कडेला मात्र एक काळा ठिपका होता, फाटक्या कडेचा.

मला लगेच कारण सापडलं. नळीत आतून एक कंगोरा राहिला होता, आणि तो मी कडं कॅमेऱ्यावरून न उतरवताच कानशीने घासला होता. असा आळस दुसऱ्या कुणी केला असता तर मी त्याला लेथजवळ उभं राहू दिलं नसतं. कीस आत कॅमेऱ्याच्या काचेवर पडला असणार. झालं.

पुढच्या रविवारी पुन्हा फोटो काढला. ठिपका तिथेच. ठोकळा तोच, त्यामुळे डोळाही त्याच जागी; कीस असला तरी तिथेच दिसणार. तिसऱ्या रविवारी ठिपका थोडा मोठा वाटला. की मीच जास्त वेळ बघत बसलो, कोण जाणे. नुसतं पाहिलं तर तिच्या काळ्याभोर बुबुळात काहीच दिसत नाही. रोज सकाळी ती वेणी घालून घेत असते आणि मी पेपर वाचायच्या मिषाने बघतो.

यावर एक साधी परीक्षा आहे. कोऱ्या पांढऱ्या कागदाचा फोटो काढायचा. ठिपका त्यावरही उमटला, तर तो कीस. अर्ध्या मिनिटाचं काम. मी तेवीस दिवस ते टाळलं. हत्यारांना तेल दिलं, कपाट लावलं, सरांसाठी आणखी दोन कडी कातली. हातून चूक होऊ नये म्हणून आजवर देवाला हात जोडत आलो. हे तीन आठवडे, चूक माझीच निघू दे, एवढंच मागत होतो.

बाबांच्या वेळीही मी असाच थांबलो होतो. डॉक्टरांचा रिपोर्ट खिशात घेऊन दोन महिने हिंडलो, तुला कळवलं नाही. तू दारातच म्हणाली होतीस, "रोज परक्यांच्या डोळ्यांत औषध घालते रे मी. आणि माझ्याच बापाचं मला सगळ्यात शेवटी कळतं." त्यानंतर तू आली नाहीस. मीही बोलावलं नाही.

आज सकाळी दोघी बाहेर पडल्यावर मी हाच कागद लेन्ससमोर धरला. तेव्हा यावर एक अक्षर नव्हतं. त्याचे धागे दिसले, विस्कटलेल्या गवतासारखे. ठिपका नव्हता. फोटो तीनदा काढला. तिन्ही वेळा नव्हता.

मग पेन घेतलं. आधी तुला फोन लावला होता. तुझा "हॅलो" ऐकला आणि फोन ठेवून दिला. पत्र आणि तिन्ही रविवारचे फोटो तुमच्याकडे येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देतोय, संध्याकाळी मिळतील. त्याच्या हातात द्यायच्या आधी तिच्या आईला सांगेन. अजून सांगितलेलं नाही.

तुमच्या मोठ्या डॉक्टरांना फोटो आजच दाखव. उद्या सकाळी दवाखाना उघडेल तेव्हा आम्ही तिघं पायरीवर असू. भिंगरीला एवढंच माहीत असेल की आत्याकडे जायचंय. मला काय बोलायचं ते तिथेच बोल, मी ऐकून घेईन. पण आधी तिचा हात धरून तिला आत घेऊन जा.

या वेळी तेवीस दिवस उशीर केलेला,
तुझा धाकटा