आगोटीच्या पोटात डोळा

बोर्ली पंचतन
१८ जून

चि. सौ. विनिता,
तुला आणि परेशला आशीर्वाद.

व्हय गं व्हय, पावसाळ्याची आगोट भरून झाली. मसाला बरणीत, सोडे-बोंबील डब्यात, लाकडं पडवीत. आता पाऊस चार महिने पडू दे. आणि काल फोनवर तू दुसरं विचारलंस, "आई, ऑपरेशननंतर डोळ्याने कसं दिसतंय?" मी म्हटलं, "सुनेच्या चुका लांबून दिसायला लागल्यात!" तू हसलीस आणि विषय गेला. फोनवर मी अशीच निसटते. म्हणून आज कागद घेतला.

ते तुझं कामाच्या यादीचं ॲप. दिवाळीत माझ्या फोनात घालून शिकवलंस, मोठ्या कामाच्या पोटात लहान कामं, त्यांच्या पोटात आणखी बारकी. मी म्हटलं, "अगं, ही यादी हाय का गाभण म्हैस?" परेश खो खो हसला. तू मात्र मास्तरणीसारखी पुढचं शिकवत राहिलीस.

'आईचा डोळा' असं तूच लिहून दिलंस. पोटात रक्ततपासणी, थेंब, ऑपरेशनची तारीख. काचबिंदू हाय, उशीर चालणार न्हाय, हेपण लिहिलंस. पण आपल्याकडे आगोट भरल्याशिवाय बाईमाणूस आजारीसुद्धा पडत न्हाय. मी बोटाने डोळा ओढला आणि आगोटीच्या पोटात टाकला, लाकडांच्या खाली. शेजारची जनी बघून म्हणते, "काय गो, डोळा पण सुकवायला घातलास?" दोघी पोट धरून हसलो.

लाकडं रचून झाली तशी मी ऐटीत 'आगोट'वर झाल्याची खूण केली. खूण सरसर खाली उतरली. मिरची झाली, सोडे झाले, लाकडं झाली, डोळापण झाला! ती यादी तुझ्याही फोनात दिसते, लगेच तुझा निरोप, "आई, एकट्या जाऊन ऑपरेशन करून आलात? कमाल आहे तुमची!"

कमाल कसली. मी गेलेच नव्हते.

खूण पुसायला एकदा बोट लावायचं, एवढंच. ते तू शिकवलं होतंस. माझं बोट गेलं न्हाय.

तुझे सासरे हर्नियाच्या ऑपरेशनला निघाले तेव्हा मी दारातून ओरडले होते, "नवरदेव, मुंडावळ्या राहिल्या!" ते हसतच रिक्षात बसले. तिथून परत आले ते पांढऱ्या चादरीखाली, हसत न्हाय, बोलत न्हाय. आता वाटतं, तेव्हा नुसता हात धरला असता.

माझ्या डोळ्यासाठी तू रजा काढणार होतीस. तुला नको म्हणाले ते आगोटीसाठी न्हाय. तू आली असतीस तर जावं लागलं असतं.

परवा डॉक्टरकडे जाऊन आले. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला लवकर बोलावलंय. या वेळी रजा काढ, बाय. मी नको म्हटलं, हसवलं, तरी ऐकू नकोस.

डावा डोळा गेला, विनिता. आता परत यायचा न्हाय. मी भिले म्हणून गेला.

तुझी सासू,
तुळशी