शेजारची जागा

६ ऑक्टोबर

चि. धाकटीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. दर वर्षी विचारतेस तेच पुन्हा विचारलं आहेस, म्हणून उत्तराला हात उचलत नव्हता.

इथला सीझन संपला. लाँच आता आठवड्यातून दोनदाच येते, तीही जांभया देत. हॉटेलवाल्याने खुर्च्या टेबलांवर उलट्या घातल्या आहेत. त्याच्या पाटीचा रंग उडालाय, ती पुन्हा रंगवून दे म्हणाला, पण हात आता पूर्वीसारखा स्थिर राहत नाही. सकाळी धक्क्यावरून निघतो, दीपस्तंभाला वळसा घालतो आणि मागच्या वाटेने चर्चपाशी उतरतो. उन्हाळ्यात याच वाटेवर पाहुण्यांच्या छत्र्या चुकवत चालावं लागतं; आता सगळं बेट माझ्या एकट्याच्या नावावर केल्यासारखं. शाळेतल्या कवितांमध्ये समुद्र कायम गर्जायचा, आठवतं? मास्तर टेबलावर हात आपटून आपल्याकडून ते म्हणवून घ्यायचे. या दिवसांत तो गर्जत नाही गं. घसा खाकरतो, आणि काय बोलायचं होतं ते विसरून जातो.

आपले जुने पाळक लेकाकडे राहायला गेले, हे तुला कळवलं होतंच. आता तीन चर्चना मिळून एकच पाळकबाई नेमली आहे. वयाने पोरच. रविवारी लाँचने येते, ओले बूट दारात काढते आणि मोज्यांवरच उपदेश करते. मनाने चांगली आहे. पण पहिल्याच रविवारी तिने सांगितलं, की एवढ्या मोठ्या इमारतीत मूठभर माणसं, तेव्हा सगळ्यांनी पुढच्या बाकांवर यावं. कोणी जागचं हललं नाही. कप्तान दाराजवळ, नर्सबाई रंगीत काचेखाली, मी डावीकडे मधल्या बाकावर, बाकीचे असेच एकेकटे, लांब लांब. तिला काय ठाऊक, की कप्तानाशेजारी त्याचा भाऊ बसायचा, नर्सबाईंशेजारी त्यांची आई, आणि माझ्या उजव्या हाताला तुझी वहिनी. आम्ही सगळे आपापल्या जागीच आहोत, मधली माणसं तेवढी उठून गेली. पण हे भर उपासनेत उभं राहून कोण सांगणार?

आता हिवाळ्यात तुझ्याकडे येण्याचं. तुझी खोली उबदार आहे, डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहे, सगळं मान्य. पण मी नसलो तर त्या बाकावर ती एकटी पडेल. हसू नकोस. या वयात माणसाला उठून जावंसं वाटेल अशी एक जागा लागते, आणि माझ्याकडे तेवढीच उरली आहे. यंदाही जमणार नाही.

तब्येतीला जप. माया आहे तशी राहू दे.

तुझा
दादा


१४ ऑक्टोबर

ती. दादास,

सप्रेम सलाम, वि. वि.

हसू नकोस म्हणालास म्हणून आधी चष्मा पुसला, आणि मग हसले. अरे, तुम्ही सगळे मूग गिळून बसलात कसले? कोणीतरी त्या पोरीला बाजूला घेऊन सांगायचं होतं. तिला वाटेल, ही माणसं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. बेटावरची माणसं तुम्ही, घर पेटलं तरी शेजाऱ्याची झोप मोडेल म्हणून धूर आत कोंडून घ्याल.

आमच्याकडचं चर्च म्हणशील तर आता ओळखू यायचं नाही. गीतांची पुस्तकं कपाटात गेली, समोर पडद्यावर ओळी उमटतात आणि सगळे माना वर करून गातात. एका गीताला मी अजून खाली पुस्तक शोधत होते, तोवर ते संपलंसुद्धा. हल्ली तर तिथल्या पायऱ्याच चढवत नाहीत. घरीच फोनवर उपासना लावते. आमेन म्हणायला शेजारी कोणी नसलं की ते तोंडातच राहतं. गुडघ्याबद्दल डॉक्टर काहीबाही म्हणतायत, ते पुढे लिहीन.

आणि वहिनी एकटी पडेल म्हणतोस, तर तू तारसप्तकात चुकायचास तेव्हा ती बिचारी काचेबाहेर बघत बसायची, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तिलाही जरा विसावा दे. खोली झाडून ठेवली आहे. पुन्हा एकदा विचार कर.

रागावू नकोस, लोभ असू दे.

तुझी
धाकटी


२८ ऑक्टोबर

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या जिभेला हाड नाही, पण बोललीस ते खरं झालं.

गेल्याच्या गेल्या रविवारी पाळकबाईंनी कप्तान, नर्सबाई आणि मला उपासनेनंतर बाजूच्या खोलीत चहाला बोलावलं. थर्मास तिने घरून आणलेला. खुर्च्या इतक्या जवळ मांडलेल्या, की गुडघ्याला गुडघे लागत होते. मग तिने हळूच सांगितलं, की इवल्याशा बेटावर माणसांनी असं एकमेकांपासून लांब बसावं हे तिला बघवत नाही. आमच्यात पूर्वी काय घडलं ते ती विचारणार नाही, फक्त आज ते मिटवू या. धाकटे, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. लाँच लागून चेहरा पांढरा पडलेला. आमच्यात भांडण नाहीच म्हटलं असतं, तर एवढं धाडस करून ती तोंडघशी पडली असती. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी कप्तानाने, मागे आपण नर्सबाईंच्या कोंबड्यांना शिव्या घातल्या होत्या, असं सांगून माफी मागितली. नर्सबाईंनी जन्मात कोंबडी पाळलेली नाही, पण त्यांनी मोठ्या मनाने माफ केलं. मग मी कप्तानाला म्हणालो, तुमच्या होडीच्या रंगात मी तेल जास्त घातलं होतं. तेही मी कधी केलेलं नाही. एवढ्यावर निभावलं असतं, पण नर्सबाईंना हुरूप आला. दवाखान्याची पाटी मी रंगवली तेव्हापासून तिची अक्षरं उजवीकडे घसरतात, पण आपण मनात काही ठेवलेलं नाही, असं त्या मला म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन पाहिलं. घसरतात.

तर समेट झाला, आणि तिथेच आम्ही फसलो. या रविवारी पाळकबाईंनी हसून पुढच्या बाकाकडे हात केला. आता कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं? तिघे एका ओळीत बसलो. सवयीने उजवा हात बाकावर ठेवला, तर तो कप्तानाच्या कोटाला लागला. उपदेश कशावर होता, विचारू नकोस. मागे वळून पाहायचं धैर्यही झालं नाही. परतताना सरळ घरी न जाता दीपस्तंभापर्यंत गेलो. पाठ असलेल्या कविता एकेक करून म्हणून पाहिल्या. कुठलीच शेवटपर्यंत गेली नाही.

थकलो आहे गं. हा चालण्याचा थकवा नव्हे.

तूच समजून घे.

दादा


५ नोव्हेंबर

ती. दादास,

सप्रेम सलाम, वि. वि.

कोंबड्यांचं वाचून शेजारणीलाही ऐकवलं, दोघी पोट धरून हसलो. ती गेल्यावर पत्र पुन्हा वाचलं, आणि हसू कुठे गेलं कळलं नाही.

दादा, चार हिवाळे मी तुला बोलावते आहे. दर वेळी तू म्हणतोस, ती जागा सोडवत नाही. मी गप्प बसले. मला वाटलं, जी गोष्ट होणारच नाही ती कशाला मागा. आणि काल आलेल्या पोरीचा हिरमोड होऊ नये म्हणून तू एका रविवारी उठून पुढे जाऊन बसलास. म्हणजे उठता येत होतं.

टोमणा म्हणून लिहीत नाही. टोमणे मारताना मी कशी लिहिते ते तुला ठाऊक आहे.

गुडघ्याचं ऑपरेशन या महिन्याच्या अखेरीस ठरलंय. सासरची भाची एक दिवस रजा काढून येईल, पुढे बाई ठेवता येईल. तुला आधी सांगितलं नाही, कारण तू आलास तर ऑपरेशनसाठी यायला नको होतास. आता सांगितलं. यापुढे विचारणार नाही. ये किंवा येऊ नकोस, भाऊ आहेस तो आहेसच.

तुझी
धाकटी


१५ नोव्हेंबर

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र धक्क्यावरच फोडलं, आणि लाँचचा दोर बांधायच्या खुंटावर बसून वाचलं. उठायला वेळ लागला.

रविवारी उपासना झाल्यावर पाळकबाईंना थांबवलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. ती दाराशी बूट घालत होती, एक पायात आणि एक हातात. हातातल्या बुटाची नाडी ओढत राहिली. मला वाटलं, दुखावली. मग तिने हातातला बूट खाली ठेवला आणि विचारलं, की कोण कुठे बसायचं ते दाखवाल का. मग आम्ही दारापासून सुरुवात केली. इथे कप्तानाचा भाऊ, उपदेश लांबला की खिशातली किल्ली वाजवणारा. इथे नर्सबाईंची आई. इथे दीपस्तंभवाले, पाच भावंडं, एकाच्या मांडीवर दुसरं. ती प्रत्येक बाकाशी थांबत होती. माझ्या बाकाशी आल्यावर मी फक्त उजव्या हाताची जागा दाखवली. लाँचचा भोंगा झाला तेव्हा जाता जाता म्हणाली, तुम्ही आपापल्या जागी बसा, मीच मोठ्याने बोलेन.

म्हणजे माझी जागा मला परत मिळाली. आणि तेव्हाच मी तिला सांगितलं, की मी पुढच्या रविवारी नसेन, आणि हिवाळाभर नसेन.

कप्तानाला कळल्यावर तो संध्याकाळी घरी आला. उभ्याउभ्याच म्हणाला, काळजी नको, दोन्ही जागा राखू, कोणाला बसू देणार नाही. त्याच्या मानाने ते फार मोठं बोलणं होतं. पण मी त्याला म्हटलं, राखू नका. चुकून एखादा पाहुणा येऊन बसला तर बसू द्या. तुझ्या वहिनीला अनोळखी माणसाशी बोलायची हौस होती. पाहुणा शेजारी आला की गीताचं पान ती आधी त्याला काढून द्यायची, मग मला. जाताना तो माझी पेटी उचलून वजन पाहून गेला, आणि ही धक्क्यापर्यंत आपणच नेणार म्हणाला.

ऑपरेशनसाठी येत नाही. ते आहे म्हणून लवकर येतो आहे, एवढंच. गुरुवारच्या लाँचने निघतो. तसल्या गुडघ्याने मला घ्यायला येऊ नकोस, विचारत विचारत येईन. रविवारी फोनवर उपासना लावशील तेव्हा आमेन जरा मोठ्याने म्हण, माझे कान आता तितकेसे राहिलेले नाहीत.

बाकी समोर बसून.

तुझा
दादा